लाल डब्यातले मंत्र

माझ्या घरभरणीला मामांनी आहेर म्हणून एक अख्खं जादूचं राज्य दिलं. ते त्यांनीच लिहिलेलं पुस्तक, आणि त्याचा पुठ्ठा उलटा लागला होता. मुखपृष्ठावरचा किल्ला सरळ धरला की आतला मजकूर डोक्यावर उभा राहायचा. मी तसं दाखवलं, तर मामा म्हणाले, "जादूचं राज्य हाय. किल्ला सरळ धरायचा का मजकूर, ते ज्याचं त्यानं ठरवावं."

एरवी हाच माणूस केसाच्या जाडीइतकी चूक धरून आमचा माल बाजूला फेकायचा.

मामा वाळूजच्या आमच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. ते नक्की कुणाचे मामा, हे कुणाला ठाऊक नव्हतं; मॅनेजरसाहेबही मामाच म्हणत. मी लाईनचा सुपरवायझर. आमची लाईन पितळी बुश, म्हणजे मशिनच्या दांड्यावर बसणाऱ्या आखूड नळ्या, बनवायची आणि मामा ते तपासायचे. त्यांच्या खिशात दोन तोंडांचं एक गेज असायचं. बुशाच्या भोकात त्याचं एक तोंड गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली किंवा दोन्ही अडली, की मामा ब्रश उचलायचे, बुशावर लाल ठिपका द्यायचे आणि तो लाल डब्यात टाकायचे. त्या डब्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती.

हे गेज ते माणसांनाही लावत. "त्यो? लई ढिला. दोन्ही तोंडं आत जात्यात." माझ्याबद्दल म्हणायचे, "तू मातर आवळ हायेस भाच्या. कंचंच तोंड आत जात नाय." मी कमी बोलतो. तेव्हाही कमीच बोलायचो.

जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंसाठी मामांकडे तीनच निकाल होते. पास, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, आणि लाल डबा. कॅन्टीनचा चहा कायम रिवर्कमध्ये. निवडणुकीचे उमेदवार सरसकट लाल डब्यात. मामांच्या मेहुण्याच्या मुलीला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हा त्यांना वडीलधारे म्हणून बसवलं होतं. मुलगा पोहे खात असताना मामा त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रिवर्क." मुलाकडच्यांना वाटलं पोह्यांबद्दल बोलतायत. लग्न झालं. मामी सांगतात, अजून रिवर्कच चालू आहे.

एका वर्षी कंपनीची सहल वेरूळला गेली. लोक फोटो काढत होते आणि मामा कैलास लेण्याभोवती फिरत होते, मान वर, एक डोळा मिटलेला. गाईड आपलं पाठ केलेलं म्हणत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही मामांच्या निकालाची वाट बघत होतो. मध्येच गाईड म्हणाला, हे सगळं वरून खाली कोरत आणलंय. मामा थबकले.

"वरनं खाली? म्हंजी चुकलं तर मागं यायला जागाच नाय?"

"नाही ना काका. एकदा दगड गेला की गेला."

मामांनी पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाले, "पास."

पहिल्या फटक्यात पास झालेली ही एकच वस्तू मी पाहिली. गाईडनं हळूच विचारलं, "हे पुरातत्त्व खात्याचे आहेत का?" आमच्या बसचा ड्रायव्हर रफिक शेजारी उभा होता. तो म्हणाला, "नै भाई. उनसे बी उप्पर के."

मामा मूळचे सिल्लोडकडचे. वडील मेंढरं राखायचे. मामा म्हणायचे, मेंढरामागं चालणाऱ्याला दोन विद्या येतात, एक मोजणी आणि दुसरी थापा. "मोजणीवर नोकरी लागली. थापांचं मग मलाच बघावं लागलं."

तर थापांचा पहिला भाग त्यांनी पदरमोड करून छापला. तो कुणीच विकत घेतला नाही, म्हणून लग्न, बारसं, घरभरणी, निरोपसमारंभ, जिथं बोलावणं येईल तिथं मामा राज्य घेऊन जायचे. वाचला मात्र कुणीच नाही. मामींनी तेवढा वाचला. "ह्यांच्या राज्यात मी पहिल्याच भागात मेले," त्या सांगायच्या. "थोरली राणी. इख घालून मारलं मला. तवापासनं सुखात हाय बघा."

दुसरा भाग मामांनी छापलाच नाही. ते म्हणाले, "छापल्यालं माणूस मिटून ठिवतो. बसमधनं उठून कुठं जाईल?" आणि मुकुंदवाडीहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्यांनी दुसरा भाग तोंडी सुरू केला. क्रांती चौकापर्यंत मागची गोष्ट, छावणी ओलांडेपर्यंत लढाई, आणि नगर नाक्याला गाड्या तुंबल्या की प्रेमप्रकरण. पहिल्या आठवड्यात लोकांनी कानातल्या वायरी काढल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एकेका कानातली निघाली. महिना संपता संपता कुणी फोन उचलला तरी बाकीचे अंगावर धावून जायचे.

ते राज्य जादूचं होतं, पण चालायचं आमच्या कारखान्यासारखं. प्रत्येक मंत्र आधी गेजमधून जायचा. बिघडलेला निघाला की त्यावर लाल ठिपका, आणि रवानगी किल्ल्याच्या तळघरातल्या लाल डब्यात. सैन्य मेंढ्यांवर बसून लढायचं. एक घोंगडं होतं. ते पांघरलं की माणूस दिसेनासा व्हायचा, पण फक्त वरच्या अधिकाऱ्याला. पहिल्या भागात राज्याचं नाव एक होतं आणि दुसऱ्या भागात वेगळंच. त्याबद्दल बसमध्ये कुणी शंका काढली नाही. आमच्या शहराच्या लोकांना नाव बदलायची सवय होती.

शंका पाण्याबद्दल निघाली. आता राज्य धाकट्या राणीचं होतं, आणि तिच्या राजधानीतसुद्धा नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं.

"मग जादू काय कामाची मामा?" लाईनवरचा गौतम ओरडला.

"जादू हाय म्हणून आठव्या दिशी तरी येतंय," मामा म्हणाले.

हा गौतम मामांचा खरा शत्रू. मामा राजाचा मुलगा राजा करू लागले की हा मागून विचारायचा, "मामा, तुमच्यात सगळं वंशपरंपरेनंच व्हय? निवडून कुणी येतच नाय?" मामा एक दिवस विचारात पडले आणि पुढच्या सोमवारपासून राज्याला लिखित घटना मिळाली. राणीला मंत्र मारायच्या आधी सभेची मंजुरी घ्यावी लागू लागली. त्यात एक लढाई हरली. गौतम म्हणाला, "हरू द्या. पण नियमानं हरली."

आणखी एक भानगड होती. आमच्या पाळ्या आठवड्यानं बदलायच्या आणि इन्स्पेक्टरांच्या पंधरा दिवसांनी. त्यामुळं मामांना कधी एक गट मिळायचा, कधी दुसरा, आणि प्रत्येक गटाला मामा जे आठवेल ते सांगायचे. पहिल्या पाळीत सेनापतीचा हात तुटला होता, दुसऱ्या पाळीत तोच सेनापती दोन्ही हातांनी तलवार चालवत होता. पाळी बदलताना मशिनवर भांडणं लागायची. दोन ऑपरेटर एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते. रफिक दोन्ही पाळ्यांना बस चालवायचा, म्हणून निवाड्याला त्याच्याकडे जावं लागे. "दोनो सही है," तो म्हणायचा. "हाथ टुटा था, फिर रिवर्क हुआ."

माझी जागा मामांच्या शेजारची, खिडकीकडची. त्या राज्यात मीही होतो. मुका वजीर. त्याला शाप होता, तो एक शब्द जरी बोलला तरी राज्यातली सगळी जादू संपणार. म्हणून राणी त्याच्याजवळ सगळी गुपितं ठेवायची. बसमध्ये मला लोक वजीरसाहेब म्हणू लागले. मला ते आवडायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मामांची थट्टा करणं सोपं आहे. इथवर मीही तेच करत आलो, कारण ती संपेपर्यंत मला मुद्द्यावर यावं लागत नाही.

एकदा दुसऱ्या पाळीला माल कमी पडला. ट्रक गेटवर उभा होता, मॅनेजरसाहेबांचा फोन सारखा वाजत होता आणि त्या महिन्यात माझ्या बढतीचं चाललं होतं. मामांनी त्या दिवशी बुशांचा मोठा लॉट लाल डब्यात टाकला होता आणि ते जेवायला गेले होते. मी डबा पेंटरूममध्ये नेला. थिनरमध्ये फडकं बुडवलं. लाल ठिपका थिनरनं लगेच निघतो, खाली पितळ आधीपेक्षा चकचकीत दिसतं. पुसलेले बुश मी मामांनीच पास केलेल्या खोक्यांत मिसळले. डबा रिकामा दिसला तेव्हा माल स्क्रॅपला गेला असं समजून मामांनी काही विचारलं नाही. मी कधी खोटं बोलेन असं त्यांना वाटायचं नाही. मी मुळात बोलायचोच कुठं?

काही दिवसांनी तो माल गिऱ्हाइकाकडून परत आला. खोक्यांवर शिक्का मामांचा होता.

त्याच आठवड्यात, पहिल्या पाळीच्या बसमध्ये, मामांनी नवा प्रसंग काढला. राज्यातले मंत्र उलटायला लागले होते. पाऊस मागावा तर धूळ यायची, मेंढीला पंख मागावेत तर शिंगं फुटायची. राणीला कळेना. मग ती घोंगडं पांघरून तळघरात उतरली आणि लाल डब्याच्या खोलीशी आली. दार लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी होतं.

"कुणीतरी लाल डब्यातले मंत्र काढत व्हतं," मामा म्हणाले, "आन् त्यावरचे लाल ठिपके पुसून पुन्ना राज्यात सोडत व्हतं."

सगळी बस पुढं झुकली. रफिकनं गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न मारू लागले.

"कौन है मामू?"

"कोण मामा? सेनापती का?"

मामांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकीत मी बसलो होतो.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

मामांना कळलंय, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. उद्या भर बसमध्ये राणी दार उघडणार आणि आत मुका वजीर उभा असणार.

दुपारी चौकशी झाली. मामा एकच वाक्य धरून बसले होते, "म्या तो माल लाल डब्यात टाकला व्हता." मग मला आत बोलावलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसता. काय हो, मामांचं लक्ष असतं का कामात?"

मी म्हणालो, "गोष्टीत असतं, साहेब."

बस. तेवढंच बोललो. सगळ्यांना पटलं. इतक्या कमी बोलणाऱ्या माणसाचं कुणालाही पटतं. मला बढती मिळाली. मामांची बदली स्क्रॅपयार्डात झाली. कारखान्यातले सगळे लाल डबे शेवटी तिथंच जाऊन रिकामे होतात. तिथं जनरल पाळी आणि साहेब लोकांची बस. त्या बसमध्ये मामा पहिल्या सीटवर बसून जायचे आणि पुढचा रस्ता बघायचे. गोष्ट थांबली. आमच्या बसमध्ये लोकांनी पुन्हा कानात वायरी घातल्या. मामा निवृत्त झाले तो निरोपसमारंभ मी ताप आल्याचं सांगून टाळला.

यंदा गौतमनं बजाजनगरात घर बांधलं. घरभरणीचं आमंत्रण द्यायला त्याचा फोन आला. "सर, तुमच्याकडं गाडी हाय. येताना मामांना घिऊन या. एकटे यायचे न्हाईत ते."

नाही म्हणायला कारण शोधेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता.

मामा मुकुंदवाडीच्या कोपऱ्यावर उभे होते, काखेत कागदात गुंडाळलेलं राज्य. गाडीत माझ्या शेजारी बसले. क्रांती चौक गेला, छावणी गेली. तोच रस्ता, त्याच बाजूला तो माणूस, फक्त खिडकी आता त्यांच्याकडं होती. नगर नाक्याला गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या आणि मी बोललो. काचेकडं बघत, सगळं. डबा, पेंटरूम, फडकं, चौकशीतलं ते वाक्य.

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. मग पुढच्या ट्रकचा नंबर मोठ्यानं वाचला. त्याच्या पुढच्या टेम्पोचा वाचला. त्याही पुढं एक रिक्षा होती, तिचाही. तिन्ही बरोबर होते.

"मला वाटलं म्याच चुकलो," ते म्हणाले. "वाटलं, गोष्टीच्या नादात डोळा गेला आपला. घरी बी कशाला गेज लावलं नाय मंग. मामी म्हणायची, भाजी कशी झालीय ते तरी सांगा. काय सांगू? ज्याचा डोळा गेला त्यानं निकाल द्यायचा नसतो."

"तुम्हाला कळलं होतं ना मामा? ते तळघर, ते ठिपके पुसणं…"

"कळतंय कुठनं? माल परत आला, तर डोस्क्यात तेच फिरत व्हतं. आपल्या हातनं नसंल चुकलं तर मंग कसं झालं आसंल, म्हणून थाप मारून बघत व्हतो."

"मग दारामागं कोण होता?"

"ठरलंच नव्हतं. तू तर नव्हताच. राणीच्या भरवशाचा एकच माणूस ठिवला व्हता त्या राज्यात." मागचा ट्रक हॉर्न मारत होता. मग मामा एकदम माझ्याकडं वळले. "थिनर म्हणलास?"

"हो."

"आरं थिनर! मी किती येळ ईचार केला, मंत्रावरचा लाल रंग निघंल कशानं. गोमूत्र लावून बघितलं, लिंबू लावून बघितलं. थिनर सुचलंच नाय." आणि हा माणूस चक्क खूश झाला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गौतमच्या घरी वंदना झाली, पंगती झाल्या. मामांनी आपलं राज्य त्याच्या हातात दिलं. गौतमनं पुठ्ठा बघितला, पुस्तक उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि कपाटावर ठेवून दिलं. मांडवात सतरंजीवर बसची जुनी मंडळी बसली होती. रफिकचे केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, "मामू, रानी कब से दरवाजे पे खडी है. पाँव दुख गए होंगे उसके."

"व्हय मामा, आज सोडवाच तिला," गौतम म्हणाला.

मामांनी पानाचा देठ खुडला. "तर राणीनं दार उघडलं," ते म्हणाले. "आन् आत व्हता…"

"कोण?"

"मला काय माहीत? म्या बाहेर व्हतो. आत व्हता त्यो सांगंल." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वजीर."

"वजीर?" गौतम उडालाच. "अहो तो मुका हाय ना? बोलला तर जादू जाईल राज्याची."

"जाऊ दे की," मामा म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "आत वजीरच होता."

मग मी थांबलो नाही. वजीरानं डबा कसा नेला, थिनरमध्ये फडकं कसं बुडवलं, राणीच्या विश्वासू पारख्यावर आळ आला तेव्हा दरबारात एकच वाक्य बोलून त्याला कसं घालवलं, सगळं सांगितलं. आयुष्यात चार लोकांत इतका कधी बोललो नव्हतो.

मांडवात टाळ्या पडल्या.

"वजीर तो मामू से बी आगे निकल्या!" रफिक ओरडला.

"थिनर!" गौतम मांडीवर थाप मारत म्हणाला. "लई डोकं लावलं सर. तुम्ही लिहीत का न्हाई?"

मागून कुणीतरी विचारलं, "पण मग त्या वजीराला शिक्षा काय मामा?"

मामांनी एक डोळा मिटला आणि माझ्याकडं बघितलं, वेरूळला कैलासाकडं बघितलं होतं तसं. कितीतरी वर्षांनी ते निकाल देत होते, हे त्या मांडवात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"रिवर्क," ते म्हणाले.

लोक हसले. कुणीतरी चहा आणला. मामांनी एक घोट घेतला आणि त्यालाही रिवर्क दिला. परत येताना ते नगर नाक्यापर्यंत समोरच्या गाड्यांचे नंबर वाचत होते. मुकुंदवाडीच्या कोपऱ्यावर उतरताना दार धरून वाकले.

"पुन्ना सांग भाच्या. ह्या टायमाला जादू काढून."

सांगतो. वाळूजच्या आमच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला, मामांनी लाल डब्यात टाकलेले बुश मी बाहेर काढले, थिनरनं पुसले आणि चांगल्या मालात मिसळले. मामांचा डोळा चुकला नव्हता.